खेड्यातील नोंदवहीतून घडलेले शास्त्र : डॉ. विल पिकल्स

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायर परगण्यात वेन्स्लीडेल नावाची एक लांबट, हिरवी दरी आहे. यूर नदी तिच्यातून वाहते. दोन्ही अंगांच्या उतारांवर मेंढ्या चरतात आणि चुना-मातीशिवाय नुसते दगडावर दगड रचून घातलेली कुंपणे डोंगरमाथ्यापर्यंत चढत जातात. जगाला ही दरी ठाऊक आहे ती मुख्यतः तेथील चीजमुळे. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात मात्र तिचे नाव निराळ्याच कारणाने नोंदले गेले. या दरीतील एसगार्थ या छोट्या गावी सुमारे पन्नास वर्षे दवाखाना चालविणाऱ्या एका डॉक्टरांनी साथीच्या रोगांविषयी असे काही शोधून काढले, की लंडनच्या प्राध्यापकांनी त्यांना ग्रंथ लिहिण्याची गळ घातली आणि हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना व्याख्यानासाठी अमेरिकेत पाचारण केले. या डॉक्टरांचे नाव विल्यम नॉर्मन पिकल्स. दरीतील लोक आणि पुढे सारे वैद्यकविश्व त्यांना विल पिकल्स म्हणूनच ओळखू लागले.

त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, अनुदान नव्हते, संख्याशास्त्राचे शिक्षण नव्हते. वही होती, रंगीत शाई होती, घरात पत्नी आणि मुलगी मदतीला होत्या आणि दरीतील माणसांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख होती. ग्रामीण भागातील डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्यसेवक यांना संशोधनाची सवय कशी लावावी, हा प्रश्न आज जगभर चर्चिला जातो. त्याचे उत्तर शोधणारे बहुतेक जण फिरूनफिरून या माणसाच्या चरित्रापाशी येतात.

विल पिकल्स यांचा जन्म ६ मार्च १८८५ रोजी लीड्स या गिरण्यांच्या शहरात झाला. वडील तेथेच डॉक्टर होते आणि सहा भावांत विल यांचा क्रमांक दुसरा. दवाखान्याचे वातावरण घरातच असल्याने पेशाची निवड फारशी अवघड गेली नसावी. लीड्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेऊन १९०९ मध्ये त्यांनी व्यवसायाचा परवाना मिळविला. पुढच्याच वर्षी लंडन विद्यापीठाची पदवी आणि १९१८ मध्ये एम. डी. ही पदवीही संपादन केली. परवाना मिळाल्यानंतरची काही वर्षे त्यांनी इतर डॉक्टरांच्या गैरहजेरीत त्यांचे दवाखाने सांभाळण्यात घालविली. अशाच एका बदली कामासाठी १९१२ मध्ये ते प्रथम एसगार्थला आले आणि दरीच्या प्रेमात पडले. पुढच्याच वर्षी डीन डनबार या मित्रासह त्यांनी तेथील दवाखाना विकत घेतला. त्या काळी इंग्लंडमध्ये दवाखान्याची अशी खरेदी-विक्री होत असे. रुग्णांची यादी हीच त्यातील खरी मिळकत.

पहिल्या महायुद्धात त्यांनी नौदलाच्या राखीव दलात शल्यचिकित्सक म्हणून सेवा केली. युद्ध चालू असतानाच, १९१७ मध्ये त्यांचा विवाह गर्ट्रूड टन्स्टिल यांच्याशी झाला. गर्ट्रूड या सधन गिरणीमालक घराण्यातील. त्यांना एकच कन्या झाली, तिचे नाव पेशन्स. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ धीर असा होतो. पुढे या मुलीने वडिलांच्या नोंदींचे तक्ते रंगविण्यात जे तास घालविले ते पाहता हे नाव अगदी सार्थ म्हणावे लागेल.

युद्ध संपले, पिकल्स दरीत परतले आणि कामाला लागले. बाळंतपणे, मोडलेली हाडे, म्हाताऱ्यांचे दमे, मुलांचे गोवर आणि डांग्या खोकला, हिवाळ्यात बर्फातून दूरच्या शेतघरांवर जाणे असा तो दिनक्रम होता. संशोधनाचा मागमूसही त्यात नव्हता. ही गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. थोर संशोधकांच्या चरित्रांत बालपणीच चमक दाखविण्याची जी प्रथा आहे तिला पिकल्स यांचे आयुष्य अजिबात दाद देत नाही. वयाच्या चाळिशीपर्यंत ते एक कष्टाळू, लोकप्रिय आणि पुष्कळसे अनामिक असे ग्रामीण डॉक्टर होते.

१९२६ मध्ये त्यांच्या हाती सर जेम्स मॅकेन्झी यांचा हृदयरोगांवरील ग्रंथ पडला. मॅकेन्झी यांचे निधन त्याच्या आदल्याच वर्षी झाले होते. बर्न्ली या लँकेशायरमधील गिरणगावात वीसहून अधिक वर्षे सामान्य डॉक्टर म्हणून काम करतानाच त्यांनी हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा अभ्यास केला. कोणते ठोके धोक्याचे आणि कोणते निरुपद्रवी, हे वर्षानुवर्षे त्याच त्या रुग्णांवर लक्ष ठेवून त्यांनी ठरविले. एका तरुण स्त्रीचा प्रसूतीच्या वेळी हृदयविकाराने डोळ्यांदेखत झालेला मृत्यू त्यांच्या या ध्यासाला कारणीभूत झाला, असे सांगतात. इस्पितळातील तज्ज्ञ रुग्णाला काही दिवस पाहतो, गावातला डॉक्टर त्याला जन्मभर पाहतो. म्हणून रोगाची सुरुवात आणि शेवट ओळखण्याची संधी गावातल्या डॉक्टरलाच अधिक, हा मॅकेन्झी यांच्या सांगण्याचा गाभा. आयुष्याच्या उत्तरार्धात स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे त्यांनी स्थानिक डॉक्टरांना हाताशी धरून अशाच संशोधनासाठी एक संस्थाही उभारली होती.

पिकल्स यांच्यावर या ग्रंथाचा विलक्षण परिणाम झाला. हृदयरोगाकडे ते वळले नाहीत. आपल्या दरीत आपल्याला काय दिसते, जे शहरातल्या डॉक्टरला दिसू शकत नाही, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. उत्तर त्यांच्या पायाशीच होते. साथीचा रोग शहरात शिरला, की कोणी कोणाला दिला हे कळणे अशक्य. ट्राम, बाजार, शाळा, नाट्यगृहे यांतून एका दिवसात शेकडो माणसांचा संपर्क होतो. वेन्स्लीडेलमध्ये मात्र गावे सुटी सुटी, येणारी-जाणारी माणसे मोजकी. बाहेरून कोण आले, कोण कोणाच्या घरी चहाला गेले, कोणत्या गड्याने कोणत्या शेतावर गवत कापले, कोणाची मुलगी कोणत्या तरुणाबरोबर फिरते, हे सारे गावाला ठाऊक. आणि गावाला ठाऊक असलेले सारे डॉक्टरांना ठाऊक. एके संध्याकाळी डोंगरमाथ्यावरून खालच्या गावांच्या धुराड्यांतून निघणारा धूर पाहताना, या सर्व छपरांखालच्या जवळजवळ प्रत्येक माणसाला आपण नावानिशी ओळखतो, याची त्यांना जाणीव झाली. ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे नोंदवून ठेवली आहे.

आणखी एक जुनी आठवणही त्यांच्या मनात घर करून होती. उन्हाळ्यातल्या एका सायंकाळी भटक्या जमातीतील एक स्त्री आपली घोडागाडी हाकत गावात शिरताना त्यांनी पाहिली. गाडीत तिचा नवरा आजारी होता. गावच्या पंपात काही दोष होता, आणि नेमक्या त्याच पंपावर तिने मळके कपडे धुतले. त्यानंतर गावात विषमज्वराची साथ आली. पिकल्स यांच्या कारकिर्दीतील विषमज्वराची ती पहिली आणि एकमेव मोठी साथ. कारण आणि परिणाम यांची इतकी स्वच्छ साखळी शहरातल्या कोणत्या डॉक्टरला पाहायला मिळणार? अर्थात हा योगायोग ओळखणारे ते पहिले नव्हते. डेव्हन परगण्यातील नॉर्थ टॉटन या गावी १८३९ मध्ये डॉ. विल्यम बड यांनी विषमज्वर माणसाकडून माणसाकडे कसा जातो हे असेच, ओळखीच्या घरांतून माग काढत, दाखवून दिले होते. डेन्मार्कचे तरुण डॉक्टर पीटर पानूम यांनी १८४६ मध्ये फेरो बेटांवर गोवराची साथ अभ्यासताना, संसर्गापासून पुरळ येईपर्यंत तेरा-चौदा दिवस लागतात हे निश्चित केले होते. दोघांनाही साह्यभूत ठरला तो वस्तीचा एकांत. पिकल्स यांना हाच एकांत आयता लाभला होता, आणि तोही तात्पुरता नव्हे, जन्मभराचा.

खरी परीक्षा १९२९ मध्ये आली. दरीत काविळीची साथ पसरली. सुमारे ५,७०० लोकवस्तीत २५० जणांना कावीळ झाली. त्या काळी या आजाराला पडशाची कावीळ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. पित्तनलिकेच्या तोंडाशी श्लेष्मा साचून ती बंद होते आणि म्हणून कावीळ होते, अशी एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली समजूत होती. हा आजार संसर्गजन्य असल्याचा संशय अनेकांना होता; परंतु एका रुग्णापासून दुसऱ्यापर्यंतची साखळी हाती लागत नव्हती. त्याचे कारणही साधे होते. संसर्ग आणि आजार यांच्यामधला काळ एवढा लांब, की मधल्या काळात झालेल्या भेटीगाठी कोणाच्या लक्षातच राहत नसत. गेल्या आठवड्यात कोण भेटले ते माणूस सांगू शकतो. महिन्यापूर्वीच्या मंगळवारी कोण भेटले ते कसे सांगणार?

वेन्स्लीडेलमध्ये ते सांगता येत होते, कारण तेथे भेटीगाठी कमी आणि प्रसंग लक्षात राहण्याजोगे. पिकल्स यांनी माग काढत काढत सारी साथ एका मुलीपर्यंत नेऊन पोहोचविली. गावच्या वार्षिक मेळ्याच्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः तिला अंथरुणावर तपासले होते. ती त्या दिवशी उठून मेळ्याला जाईल असे त्यांच्या स्वप्नातही आले नव्हते. ती गेली. तरुण मुलगी, वर्षातून एकदा येणारा मेळा. तिला दोष देणे कठीण आहे. मेळ्याची तारीख साऱ्या गावाला पाठ होती. तेथे तिच्या सहवासात आलेल्यांपैकी कोण केव्हा आजारी पडले, हे डॉक्टरांच्या वहीत होते. दोन तारखांची वजाबाकी करायची तेवढी बाकी होती.

ही वजाबाकी त्यांनी एकदाच करून सोडून दिली नाही. जेथे जेथे रुग्णाचा आधीच्या रुग्णाशी एकच, थोडा वेळ झालेला आणि दुसरा कोणताही पर्याय नसलेला संपर्क सापडला, अशीच उदाहरणे त्यांनी निवडली. ज्यांचा संपर्क रोजचा होता, उदाहरणार्थ एका घरातली भावंडे, ती या हिशेबासाठी निरुपयोगी. कारण नेमका कोणत्या दिवशी संसर्ग झाला हे सांगता येत नाही. संशोधनाची सारी शिस्त या निवडीत आहे. हाताशी असलेल्या माहितीतली कोणती बाजूला ठेवायची हे कळणे, ती गोळा करण्याइतकेच कठीण असते. दरीतील एकेका घटनेवरून पुनःपुन्हा तोच आकडा निघाला : संसर्गानंतर २६ ते ३५ दिवसांनी आजार सुरू होतो. २४ मे १९३० च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे टिपण प्रसिद्ध झाले. एसगार्थच्या डॉक्टरांचे नाव त्या दिवसापासून दरीबाहेर गेले.

त्यानंतर नोंदी ठेवणे हे त्यांच्या आयुष्याचे व्रतच बनले. दिवसभराच्या फेऱ्या आटोपून घरी आल्यावर त्या दिवशी आढळलेल्या साथीच्या रोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद व्हायची. कोणत्या गावचा, आजार कोणता, सुरू केव्हा झाला. चौकटीच्या मोठ्या तक्त्यांवर दिवसांचे रकाने आणि प्रत्येक रोगाला वेगळा रंग. गर्ट्रूड आणि पुढे पेशन्स यांनी हे तक्ते भरण्याचे काम स्वीकारले. शाळेत कोणत्या वर्गातली मुले गैरहजर आहेत हे शिक्षकांकडून कळे. कोणाकडे पाहुणे आले हे शेजाऱ्यांकडून. एका अर्थाने साऱ्या दरीचाच संशोधनात हातभार लागला. ग्रंथात नाव मात्र एकाचेच छापले जाते, हे संशोधनाच्या जगात तेव्हाही खरे होते आणि आजही आहे. पिकल्स यांच्याविषयी एवढे म्हणता येईल, की घरातल्या या मदतीचा उल्लेख करताना त्यांनी कधी कंजुषी केली नाही.

तक्त्यांचा फायदा लवकरच दिसू लागला. दोन वर्षांनी त्यांनी सॉने जातीच्या जीवाणूमुळे होणाऱ्या आमांशाच्या साथीचे वर्णन प्रसिद्ध केले. १९३३ मध्ये तर एक वेगळाच आजार दरीत अवतरला. धडधाकट माणसाला अचानक छातीत आणि बरगड्यांखाली असह्य कळा येत, श्वास घेणे मुश्कील होई, ताप चढे आणि काही दिवसांत सारे आपोआप निवळे. एखाद्याला असे झाले असते तर फुप्फुसाच्या आवरणाचा दाह किंवा पोटातील विकार म्हणून डॉक्टरांनी विषय मिटविला असता. पण एकामागून एक असे रुग्ण येऊ लागले तेव्हा ही साथ आहे हे तक्त्यावर स्पष्ट दिसू लागले. डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटावर एजनर सिल्व्हेस्ट या डॉक्टरांनी काही वर्षांपूर्वी अशाच आजाराचे वर्णन केले होते आणि त्या बेटाचेच नाव आजाराला मिळाले होते. ब्रिटनमध्ये या आजाराची साथ प्रथम नोंदली गेली ती वेन्स्लीडेलमध्ये. त्याला कारणीभूत असणारे कॉक्सॅकी गटातील विषाणू सापडायला आणखी पंधरा वर्षे जायची होती.

नागीण आणि कांजिण्या यांचे नातेही त्यांच्या तक्त्यांनी टिपले. घरातल्या एखाद्या वृद्धाला नागीण होते आणि ठरावीक दिवसांनी नातवंडांना कांजिण्या येतात, असे अनुभव त्यांना आले. दरीत त्या वेळी कांजिण्यांचा दुसरा रुग्ण नसताना हे घडत असल्याने त्यांना विशेष वजन होते. वृद्ध माणसाला नागीण मुळात येते कोठून, हे कोडे मात्र त्यांच्या हयातीतील दुसऱ्या एका ग्रामीण डॉक्टरने सोडविले. ती हकीकत पुढे येईलच.

१९३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे पिकल्स यांनी आपल्या निरीक्षणांचा गोषवारा मांडला. श्रोत्यांत प्राध्यापक मेजर ग्रीनवुड होते. मेजर हा त्यांचा लष्करी हुद्दा नसून जन्मनाव होते, हे येथे सांगितलेले बरे. कारण या नावाने अनेकांची फसगत होते. लंडनच्या स्कूल ऑफ हायजीनमध्ये साथरोगशास्त्र आणि जीवनसांख्यिकीचे पहिले प्राध्यापकपद त्यांच्याकडे होते. आकड्यांच्या बाबतीत अतिशय काटेकोर आणि ढिसाळ संशोधनाची गय न करणारे असे हे गृहस्थ. त्यांनी पिकल्स यांना या साऱ्यावर ग्रंथ लिहिण्याचा आग्रह केला. शहरी विद्यापीठातील तज्ज्ञ आणि खेड्यातील डॉक्टर यांचे संबंध पुष्कळदा माहिती घेणारा आणि पुरविणारा असे असतात. माहिती वर जाते, श्रेयही वरच राहते. ग्रीनवुड यांनी तसे केले नाही. तक्ते मागून घेऊन स्वतः निबंध लिहिणे त्यांना सहज शक्य होते. लेखणी त्यांनी पिकल्स यांच्याच हाती ठेवली, हे त्यांचे मोठेपण.

‘एपिडेमिऑलॉजी इन कंट्री प्रॅक्टिस’ हा ग्रंथ १९३९ मध्ये ब्रिस्टल येथून प्रकाशित झाला. आकाराने छोटा, भाषेने साधा. ग्रामीण दवाखान्यातील साथरोगांवर एका डॉक्टरने स्वतःच्या नोंदींवरून लिहिलेला असा ग्रंथ इंग्रजीत तोवर नव्हता. नेमके त्याच वर्षी महायुद्ध पेटले. तरीही ग्रंथ वाचला गेला आणि १९४९ मध्ये त्याचे पुनर्मुद्रण झाले. दरम्यान १९४२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची मिलरॉय व्याख्याने देण्याचा मान पिकल्स यांना मिळाला आणि १९४८ मध्ये हार्वर्डमध्ये कटर व्याख्यान देण्यासाठी त्यांना निमंत्रण आले. तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते. परत येऊन त्यांनी पुन्हा एसगार्थच्या फेऱ्या सुरू केल्या. मोठ्या शहरात जाण्याचा मोह त्यांना झाला नाही. झाला असता तर ज्या गोष्टीमुळे मान मिळाला तीच हातची गेली असती, हे त्यांना पुरेपूर उमगले असावे.

याच काळात ब्रिटनमधील सामान्य डॉक्टरांच्या पेशावर अवकळा आली होती. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. दवाखान्यांत गर्दी उसळली. पण प्रतिष्ठा आणि पैसा इस्पितळातील तज्ज्ञांकडे वळला. १९५० मध्ये जोसेफ कॉलिंग्ज यांचा अहवाल लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. अनेक दवाखान्यांतील अस्वच्छता, घाई आणि निकृष्ट काम यांचे त्यातील वर्णन वाचून वैद्यकविश्व हादरले. सामान्य डॉक्टर म्हणजे रुग्णाला इस्पितळाची चिठ्ठी देणारा कारकून, अशी भावना वाढत चालली होती. या परिस्थितीत डॉ. जॉन हंट आणि डॉ. फ्रेझर रोझ यांच्या पुढाकाराने १९५२ च्या अखेरीस कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्स ही संस्था स्थापन झाली. जुन्या वैद्यकीय महामंडळांचा तिला विरोध होता. पहिले अध्यक्ष म्हणून कोणाला निवडावे? राजधानीतील एखादे वजनदार नाव पुढे करता आले असते. संस्थेने १९५३ मध्ये एसगार्थच्या अडुसष्ट वर्षांच्या डॉक्टरांची निवड केली. या निवडीतून संस्थेला जे सांगायचे होते ते सर्वांना कळले.

पिकल्स १९५६ पर्यंत या पदावर राहिले. राजकारणात किंवा कारभारात त्यांना फारसे स्वारस्य नव्हते. त्यांचे काम होते ते गावोगावच्या डॉक्टरांना नोंदी ठेवण्यास प्रवृत्त करण्याचे. जेथे व्याख्यान देतील तेथे ते आपले तक्ते दाखवीत. आजार सुरू झाल्याची तारीख, पहिले लक्षण, आधीच्या रुग्णाशी झालेली भेट, एवढ्या तीन गोष्टी टिपण्यापासून कोणालाही सुरुवात करता येते. त्यासाठी यंत्र लागत नाही की परवानगी लागत नाही. श्रोत्यांपैकी बहुतेक जण दिवसभर रुग्ण तपासून थकलेले डॉक्टर असत. आपल्यासारखाच एक जण, आपल्याइतकेच रुग्ण पाहून, हे करू शकला हे त्यांना समोर दिसत होते. कोणत्याही प्रशिक्षण शिबिरापेक्षा याचा परिणाम अधिक झाला असल्यास नवल नाही. संस्थेने लवकरच साथीच्या रोगांवर नजर ठेवणारा स्वतंत्र विभाग उभारला आणि देशभरचे डॉक्टर आपापल्या नोंदी त्याच्याकडे पाठवू लागले. १९६० च्या दशकात बर्मिंगहॅम येथील संशोधन विभागाने दर आठवड्याला निवडक दवाखान्यांतून रुग्णसंख्या गोळा करण्याची पद्धत सुरू केली. फ्लूची साथ केव्हा चढणीला लागते हे ब्रिटनला अनेक दशके याच आकड्यांवरून कळत आले. २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा देखरेखीसाठी याच परंपरेतून उभ्या राहिलेल्या संगणकीय जाळ्याचा उपयोग झाला.

पिकल्स यांचा ग्रंथ वाचून ज्यांच्या आयुष्याला वळण लागले त्यांत एडगर होप-सिम्प्सन यांचे नाव ठळकपणे घ्यावे लागते. सायरेन्सेस्टर या छोट्या गावी सामान्य डॉक्टर म्हणून काम करतानाच त्यांनी स्वतःचा संशोधन विभाग चालविला. नागीण आणि कांजिण्या यांचा संबंध उलगडण्यासाठी ते शेटलंडमधील येल या दूरच्या बेटावरही गेले; पिकल्स यांनी शिकविलेली एकांताची किंमत ते विसरले नव्हते. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यावर विषाणू शरीरातच मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि उतारवयात प्रतिकारशक्ती क्षीण झाली की नागिणीच्या रूपाने पुन्हा डोके वर काढतो, असा सिद्धान्त त्यांनी १९६५ मध्ये मांडला. सोळा वर्षांच्या नोंदींवर तो उभा होता. पुढे प्रयोगशाळांनी तो खरा ठरविला. वेन्स्लीडेलच्या तक्त्यांतील कोड्याचे उत्तर अशा रीतीने तिघा-चौघा विद्यापीठांना वळसा घालून दुसऱ्या एका गावातल्या दवाखान्यात सापडले.

पिकल्स यांच्या पद्धतीला मर्यादा नव्हत्या असे नाही. काविळीचा जंतू कोणता, तो पोटावाटे पसरतो की श्वासावाटे, हे नुसत्या तारखांवरून ठरविणे शक्य नव्हते. त्यांचे निष्कर्ष एका छोट्या, एकजिनसी समाजावर आधारलेले होते. शिवाय ही पद्धत डॉक्टराने एकाच गावी आयुष्य काढण्यावर अवलंबून होती. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याला पेशन्सचे तक्ते वारसाने मिळत नाहीत. दुसरीकडे तिची एक बाजू अशी आहे जी आज अधिकच उठून दिसते. काविळीचा हाच लांब काळ मोजण्यासाठी १९५० च्या दशकापासून न्यूयॉर्कच्या विलोब्रूक या संस्थेतील मतिमंद मुलांना हेतुपुरस्सर काविळीचा संसर्ग देण्यात आला. डॉ. सॉल क्रुगमन यांच्या या प्रयोगांतून शास्त्रीय माहिती पुष्कळ मिळाली, परंतु वैद्यकीय नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत विलोब्रूकचे नाव कलंक म्हणून राहिले. वेन्स्लीडेलमध्ये कोणालाही आजारी पाडावे लागले नव्हते. जे आजारी पडत होते त्यांच्यावर उपचार करता करता डॉक्टरांनी तारखा लिहून ठेवल्या, इतकेच.

उतारवयात मानसन्मान भरभरून आले. १९५३ मध्ये बिसेट हॉकिन्स पदक, १९५७ मध्ये सीबीई हा सरकारी किताब. ज्या मॅकेन्झी यांच्या ग्रंथाने त्यांना वाट दाखविली होती त्यांच्या नावे संस्थेने सुरू केलेले व्याख्यानही त्यांनी दिले. १९६७ मध्ये संस्थेला रॉयल हे बिरुद मिळाले आणि पुढच्याच वर्षी संस्थेने खुद्द पिकल्स यांच्या नावे वार्षिक व्याख्यानमाला सुरू केली. २ मार्च १९६९ रोजी, चौऱ्याऐंशीव्या वाढदिवसाला चार दिवस राहिले असताना, त्यांचे निधन झाले. जॉन पेंबर्टन यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाले.

१९२९ च्या काविळीला कारण झालेला विषाणू त्यांना कधी पाहायला मिळाला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९७३ मध्ये, अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून प्रथम पाहिला. आज त्याला हिपॅटायटीस ए म्हणतात. संसर्गापासून आजार सुरू होईपर्यंत लागणारा काळ वैद्यकीय पुस्तकांत १५ ते ५० दिवस असा दिलेला असतो. सरासरी २८ दिवस.